खाडीचा रोजमेळ



नागोठणे आज महामार्गावरचे आणि कारखान्याचे गाव म्हणून ओळखले जाते. परंतु त्याची जुनी ओळख बंदराची आहे. सह्याद्रीत उगम पावलेली अंबा नदी जांभूळपाडा आणि पालीच्या परिसरातून खाली उतरते, आणि नागोठण्यापाशी समुद्राची भरती तिला सामोरी येते. येथून पुढे ती नदी कमी व खाडी अधिक. दोन्ही तीरांवर खारफुटी, तिच्यामागे बांध घालून समुद्रापासून सोडवलेली खारजमीन, आणि ओहोटीला उघडा पडणारा काळसर चिखल, असे रूप घेत ती धरमतरला पोहोचते व रेवसच्या बाजूस मुंबई बंदराच्या पाण्यात मिसळते. रस्ते सुधारण्यापूर्वी भात आणि मीठ याच पाण्यावरून मुंबईला जात असे, आणि मुंबईचे कापड व किराणा याच पाण्यावरून वर येत असे. पेण, रोहे, नागोठणे येथील ज्या बाजारपेठांत आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांनी पेढी मांडली, त्या बाजारपेठा या खाड्यांनी उभ्या केल्या.

बंदर म्हटले की नोंद आली. कोणते गलबत आले, कोणाचा माल, किती खंडी, किती जकात. आपल्या दुकानांतही तेच: रोजमेळ, खतावणी, आणि दिवाळीला वहीपूजन. मात्र त्याच बंदराच्या चिखलावर दरवर्षी उतरणारे दुसरे पाहुणे आहेत. ते कोणत्याही जकातनाक्याला न विचारता येतात आणि न सांगता जातात. त्यांची वही कोणी ठेवली नाही. या महिन्याचा लेख त्या वहीविषयी आहे.

पाहुणे म्हणजे पक्षी. वर्षभर येथेच राहणारे आपल्या ओळखीचे आहेत: पाण्याच्या कडेला ध्यानस्थ उभा असलेला राखी बगळा, उडाला की एकदम पांढरा दिसणारा ढोकरी, तारेवरचा खंड्या, पंख वाळवीत बसलेला पाणकावळा, विटकरी अंगाची व पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार, बांधावरची टिटवी. गुलाबी काड्यांसारख्या लांब पायांचा शेकाट्याही मिठागराच्या उथळ पाण्यात हटकून दिसतो. परंतु खाडीचे खरे वैभव हिवाळ्यातील आहे. पर्युषण आटोपते त्या सुमारास, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपासून, उत्तरेकडून लहान लहान थवे येऊ लागतात. तुतवार येतो, चिखल्या येतो, लाल पायांचा टिलवा येतो, लांब सरळ चोचीचा पाणटिवळा येतो, आकाशात कुरव आणि सुरय दिसू लागतात. महावीर जयंतीच्या आगेमागे त्यांची परतीची गडबड असते, आणि अक्षयतृतीयेनंतर चिखल बव्हंशी रिकामा होतो. यांतील कित्येकांची घरटी सैबेरियात आणि मध्य आशियात असतात. पक्ष्यांच्या या महामार्गाला मध्य आशियाई उड्डाणमार्ग असे नाव असून तो सुमारे ३० देशांवरून जातो.

हा प्रवास किती कठोर असतो याचे एक प्रमाण देतो. आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या पाणटिवळ्यांच्या दोन जाती आहेत. त्यांपैकी पट्टेरी शेपटीच्या जातीचे एक अवघे काही महिन्यांचे पिल्लू २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्काहून निघाले आणि ११ दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उतरले. त्याच्या अंगावर बसवलेल्या यंत्राने नोंदवलेले अंतर १३,५६० किलोमीटर होते. वाटेत कोठेही विसावा नाही, अन्न नाही, पाणी नाही. आपल्याकडे अठ्ठाई करणाऱ्यांची वरघोड्यातून मिरवणूक निघते, तीही उकळलेल्या पाण्याच्या आधारावर केलेली असते! अर्थात तप समजून-उमजून केलेले असते आणि पक्ष्याचे हे केवळ शरीरधर्म आहे, हा भेद मी विसरत नाही. तरी हिशेब म्हणून पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. निघण्यापूर्वी हा पक्षी शरीरात चरबीचा साठा करतो आणि त्या भांडवलावर संपूर्ण प्रवास करतो. भांडवल जमते चिखलावर. चिखल गेला तर प्रवास गेला.

आता नोंद कशी करावयाची ते पाहू, कारण खाडीवरच्या पक्ष्यांची नोंद ही माळावरच्या किंवा रानातल्या नोंदीपेक्षा वेगळी आहे. तेथे वेळ सूर्य ठरवतो, येथे समुद्र ठरवतो. ओहोटीला हे पक्षी मैलभर पसरलेल्या चिखलावर विखुरतात, आणि दुर्बिणीतूनही ते तांदळातल्या काळ्या दाण्यांसारखे दिसतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना हळूहळू किनाऱ्याकडे ढकलत आणते, आणि भरती पूर्ण झाली की ते मिठागराच्या बांधावर, पडीक खारजमिनीवर, उथळ तळ्यांत दाटीवाटीने उभे राहतात. म्हणून मोजदाद चढत्या भरतीला, पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी सुरू करावी. या पक्ष्यांना दोन जागा लागतात, हेही त्यातून ध्यानात येते: जेवणाची एक आणि विसाव्याची दुसरी. पहिली चिखलाची, दुसरी मिठागराची किंवा पाणथळीची. यांपैकी एकच राखली तर दुसरीचा उपयोग उरत नाही. या मुद्द्याकडे मी पुढे परत येणार आहे.

भरतीची वेळ काढण्यासाठी मोबाईलची आवश्यकता नाही. कोकणातील दर्यावर्दी लोकांचा जुना ठोकताळा असा की, तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, चतुर्दशीला साडेदहा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, गणित तेच. दिवसा तीच वेळ आणि जवळजवळ रात्रीही तीच. नागोठणे खाडीच्या आतल्या टोकाला असल्यामुळे येथे पाणी किनाऱ्यापेक्षा उशिरा चढते, तेवढी सवड धरावी. आपल्या घरांत आठम आणि चौदस पाळली जातेच. आठमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. चौदस ते बीजेपर्यंत उधाण. म्हणजे चौदसीची सकाळ पक्षी मोजण्यास फार सोयीची, कारण साडेदहाच्या सुमारास पाणी भरपूर चढते आणि पक्ष्यांना जवळ यावेच लागते. पंचांग हाती असलेल्या समाजाला हे गणित कोणी वेगळे शिकवावयास नको.

मोजण्याची रीत रोखपालाला पटेल अशी आहे. पाचशे पक्ष्यांचा थवा एकेक करून मोजता येत नाही. तो उठण्याच्या बेतात असतो. प्रथम दहा पक्षी मोजावेत, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवावे, आणि तेवढ्या जागेचे माप थव्यावरून पुढे सरकवीत न्यावे. नोटांची गड्डी हाताच्या जाडीवरून ओळखावी तसे. सरावाने चूक कमी होत जाते. लिहिताना अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहावे, ओळख पटली नसेल तर ‘टिलव्यासारखा, ओळख नाही’ असे लिहावे. खात्री नसताना नाव लिहिणे हे पावतीशिवाय जमा दाखवण्यासारखे आहे.

नावांचाही एक घोळ आहे. एकाच पक्ष्याला पेणला एक नाव, मुरुडला दुसरे, विदर्भात तिसरे. मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ सिद्ध करून मराठी नावांना एकत्र आणण्याचे मोठे काम केले; गेल्या वर्षी, म्हणजे जून २०२५ मध्ये, ते निवर्तले. तरीही नोंदीत मराठी नावासोबत शास्त्रीय नाव असावे असे मी म्हणेन. शांतिलाल नावाचे चार खातेदार एका शाखेत असू शकतात, खातेक्रमांक मात्र प्रत्येकाचा निराळा असतो. शास्त्रीय नाव हा पक्ष्याचा खातेक्रमांक होय.

आणि सर्वांत महत्त्वाचे, शून्याची नोंद. ज्या दिवशी काही दिसले नाही त्या दिवशीही तारीख, वेळ, ठिकाण आणि ‘काही नाही’ हे लिहिलेच पाहिजे. दुकान उघडे होते आणि विक्री झाली नाही, हे एक; आणि दुकानच बंद होते, हे दुसरे. वहीत दोन्ही कोरीच दिसली तर हिशेबनीस काय करणार? जगभरचे पक्षी-निरीक्षक आज ‘ई-बर्ड’ या संगणकीय वहीत नोंदी भरतात, तिच्यातही भरणाऱ्याला एक प्रश्न विचारला जातो: ओळखता आले ते सर्व पक्षी तुम्ही लिहिलेत काय? उत्तर ‘होय’ असेल तरच त्या यादीत नसलेला पक्षी ‘दिसला नाही’ असा अर्थ काढता येतो. या एका प्रश्नामुळे हौशी माणसाच्या टिपणाला दस्तऐवजाचे मोल आले आहे. अशा नोंदींच्याच आधारावर २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या नोंदी, ९४२ जातींचा विचार. ज्या ३३८ जातींच्या दीर्घकाळच्या चढउताराविषयी पुरेशी माहिती होती, त्यांतील सुमारे ६० टक्के जाती घटल्याचे त्यात दिसले.

आपल्या वाचकांच्या मनात येथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. पक्ष्यांच्या अभ्यासाची जुनी रीत बंदुकीची होती. पक्षी पाहावयाचा म्हणजे मारावयाचा, कातडे सोलून भुसा भरावयाचा, पायाला चिठ्ठी बांधावयाची. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव आपण १८८५ साली काँग्रेस स्थापन करणारे म्हणून शाळेत शिकलो. ते भारतीय पक्षिशास्त्राचे जनकही मानले जातात, आणि सिमल्याच्या त्यांच्या घरी अशा कातड्यांचा ८०,००० हून मोठा संग्रह होता. भारतातील पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. वर्षानुवर्षांची हस्तलिखिते तयार होती. ते घरी नसताना त्यांच्या एका नोकराने ती सारी हस्तलिखिते बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. पुड्या बांधण्यास ती कोणाच्या दुकानात गेली असतील कोण जाणे! ह्यूम यांचे मन त्या कामातून उतरले आणि १८८५ मध्ये त्यांनी संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. हे बहुतेकांना ठाऊक असते. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, थिऑसॉफीच्या प्रभावाने ह्यूम तत्पूर्वीच शाकाहारी झाले होते आणि नमुन्यांसाठी पक्षी मारणे त्यांनी सोडून दिले होते. हजारो पक्ष्यांच्या कातड्यांच्या मध्ये बसलेल्या त्या माणसाला काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आज ती रीत मागे पडली आहे. दुर्बीण, कॅमेरा, ध्वनिमुद्रण, आणि फार तर पकडून पायात हलके कडे घालून सोडून देणे. म्हणजे आपल्या आचारात बसेल अशा पद्धतीने हा अभ्यास प्रथमच करता येण्यासारखा झाला आहे, आणि नेमक्या याच वेळी आपण त्यात दिसत नाही.

व्यापारी माणसाचे हे काम नव्हे, असे कोणी म्हणेल तर इतिहास त्याच्या बाजूने नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली आठ जणांनी मुंबईत सुरू केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले लोक होते. तिला पुढच्याच वर्षी संग्रहासाठी जागा दिली ती फिप्सन नावाच्या व्यापाऱ्याने, आपल्या दुकानात. दुकान मद्याचे होते, ते आपण बाजूला ठेवू. डॉ. सलीम अली यांनी तरुणपणी मुंबईच्या दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकले होते, आणि त्याआधी ब्रह्मदेशात कुटुंबाचा खाणीचा व लाकडाचा व्यवसायही पाहिला होता. वाणिज्य शाखेच्या माणसाला याचा थोडा अभिमान वाटल्यास क्षम्य मानावे. त्यांचे नातलग आणि सहकारी हुमायून अब्दुलअली हे तर व्यवसायाने व्यापारीच. या दोघांनी मिळून मुंबई आणि साष्टीतील पक्ष्यांची सविस्तर यादी १९३६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध केली, आणि महाराष्ट्रातील पक्ष्यांची सूची अब्दुलअलींनी सिद्ध केली. अलीकडे, २०२२ साली, सोसायटीने ठाण्याच्या खाडीतील सहा रोहित पक्ष्यांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली, त्यांतल्या एकाचे नाव हुमायून ठेवले होते.

सलीम अलींच्या कामाचा एक महत्त्वाचा अध्याय तर आपल्याच जिल्ह्यात घडला. १९३० मध्ये ते जर्मनीहून शिकून परतले तेव्हा पैशाअभावी त्यांची मुंबईतील नोकरीची जागाच रद्द झाली होती. ते अलिबागजवळच्या किहीमला कुटुंबाच्या घरी येऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. शिडीवर कापडी आडोसा करून, रोज ठरावीक वेळ, कोणत्या घरट्यावर कोणता नर, कोणती मादी, केव्हा आली, केव्हा गेली, हे ते लिहीत राहिले. सुगरण पक्ष्याचे घरटे मादी विणते असा समज नावातच रुजलेला आहे. घरटे नर विणतो. ते अर्धे झाले की मादी येऊन तपासते, पसंत पडले तर मुक्काम करते, न पडल्यास निघून जाते. एका मादीचा संसार लागला की नर दुसरे घरटे विणावयास घेतो. हा सारा शोध लागला कशाने? महागड्या उपकरणाने नव्हे, तारीखवार लिहिलेल्या वहीने. तो लेख १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याने सलीम अलींचे नाव झाले.

मग आता मुख्य प्रश्न. ही वही ठेवून खाडीचे काय भले होणार?

एखादा कारखाना, जेटी किंवा बंदर उभारताना पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल द्यावा लागतो. २००६ च्या अधिसूचनेनुसार त्यासाठी परिसराची पायाभूत माहिती साधारणतः पावसाळा वगळून एका ऋतूची, म्हणजे तीन महिन्यांची, घेतली तरी पुष्कळ प्रकल्पांना चालते. आता असे समजा की, कोणी मार्च, एप्रिल आणि मे हे तीन महिने निवडले. नियमभंग काही नाही. परंतु तोवर परदेशी पाहुणे निघालेले असतात, मे महिन्यात चिखलावर बगळे आणि कावळे उरतात, आणि अहवालात प्रामाणिकपणे तेवढेच उतरते. मार्चअखेरच्या शिलकेवरून दिवाळीचा धंदा ठरवावा तसे हे होते. त्या अहवालाला उत्तर द्यावयाचे तर ‘आमच्या लहानपणी येथे खूप पक्षी असत’ हे वाक्य कोणत्याही सुनावणीत टिकत नाही. दहा हिवाळ्यांची तारीखवार वही टिकते.

कायद्यातही तिला जागा आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांनी खारफुटी, पक्ष्यांची विणीची ठिकाणे आणि ‘जैविकदृष्ट्या सक्रिय’ चिखलपट्टे यांना सर्वाधिक संवेदनशील वर्गात टाकले आहे. शब्द नीट पाहावेत. नुसता चिखल नव्हे, सक्रिय चिखल. तो सक्रिय आहे हे कोण सांगणार? त्यावर चरणारे पक्षी सांगतात, पण त्यांची साक्ष कोणी तरी लिहून घेतलेली असली पाहिजे.

उरणचे उदाहरण समोर आहे. तेथे १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, देशाच्या व्यापाराचा मोठा भार ते वाहते, आणि आपल्यापैकी अनेकांचा माल त्याच बंदरातून जातो. त्या बंदराविरुद्ध बोलण्याचा माझा हेतू नाही. परंतु बंदराबरोबर भराव आला, गोदामे आली, रस्ते आले, आणि भरतीच्या वेळी पक्ष्यांनी विसावा घ्यावयाच्या पाणथळी एकेक करून आटल्या. पाणजे येथील सुमारे २८९ हेक्टरांची पाणथळ त्यांत अग्रभागी आहे. ती पाणथळ मानावी की विकासाची जमीन, यावर कित्येक वर्षे वाद सुरू आहे. भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग अडवल्याच्या तक्रारी हरित न्यायाधिकरणापर्यंत पोहोचल्या. त्या वादात पाणजेच्या बाजूने जे बोलतात त्यांच्या हाती पक्षी-निरीक्षकांनी वर्षानुवर्षे केलेल्या नोंदी आहेत. शिवाय नवी मुंबईचा विमानतळ आता जवळच सुरू झाला आहे. विसाव्याची जागा गेलेले पक्षी हवेत विरून जात नाहीत, ते दुसरी मोकळी सपाट जागा शोधतात, आणि धावपट्टीच्या आसपास त्यांनी ती शोधावी हे पक्ष्यांच्या आणि प्रवाशांच्याही हिताचे नाही. हा इशारा अभ्यासकांनी आधीच दिलेला आहे.

नागोठण्याची खाडी उरणइतकी प्रसिद्ध नाही. धरमतरला मालाचे बार्ज येतात, वरच्या अंगाला रसायनांचा मोठा कारखाना आहे, मधल्या पट्ट्यात बांध फुटून खारे पाणी शिरलेली शेते आहेत, त्यांवर कोणाचे ना कोणाचे लक्ष आहेच. वाद येथे अजून उभा राहिलेला नाही. वही सुरू करण्याची वेळ हीच असते. तंटा लागल्यावर लिहिलेल्या वहीवर कोणता न्यायाधीश विश्वास ठेवील?

आता थोडे आपल्या आचाराविषयी. पक्षी म्हटला की आपल्या समाजाचा हात धान्याच्या डब्याकडे जातो. मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद २०२५ साली उच्च न्यायालयात गेला, तेव्हा घराघरांत त्याची तळमळ होती. त्या वादात येथे शिरत नाही. एवढेच नोंदवतो की, ज्या अहवालाचा उल्लेख वर केला त्यात ज्या थोड्या जाती झपाट्याने वाढताना दिसतात त्यांत पाळीव वंशाचे हे कबूतर आहे, आणि घटणाऱ्यांत दसऱ्याला दर्शन शुभ मानला जाणारा नीलपंख आहे. जीवदयेच्या खात्यात एकाच जीवाच्या नावे सारी रक्कम जमा होत आहे, असे हिशेबनिसाच्या नजरेला दिसते.

राजस्थानातील फलोदीजवळच्या खिचन गावी आपल्याच समाजाने याहून वेगळे काही करून दाखवले. हिवाळ्यात येणाऱ्या कुरजां पक्ष्यांना रतनलाल मालू आणि त्यांच्या गावकऱ्यांनी दाणा घालण्यास सुरुवात केली. पुढे त्यासाठी स्वतंत्र चुग्गाघर झाले, पक्षी हजारोंनी येऊ लागले, आणि जून २०२५ मध्ये खिचनचा समावेश रामसर स्थळांच्या जागतिक सूचीत झाला. आपल्या अनेक घरांची मुळे त्या प्रदेशात आहेत, तेव्हा हे वाचून छाती भरून यावी हे स्वाभाविक आहे.

परंतु नागोठण्याच्या चिखलावर खिचनचा मार्ग चालत नाही. कुरजां दाणा खातात. टिलवा, चिखल्या, पाणटिवळा हे चिखलातील किडे, शिंपले, खेकड्याची पिल्ले खातात. त्यांच्यापुढे आपण ज्वारी टाकू शकत नाही, आणि त्यांचे खाद्य त्यांना देणे आपल्या आचाराला शक्य नाही. मग अशा जीवाविषयी आपले कर्तव्य संपते काय? शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ प्रकरणात खेचर जीवांचे रोमज आणि चर्मज, म्हणजे पिसांचे आणि कातडी पंखांचे असे भेद सांगितले आहेत; तेथे दाणा खाणारे ते आपले आणि मांस खाणारे ते परके, असा भेद नाही. सुमतिनाथ भगवंतांचे लांछन श्वेतांबर परंपरेत क्रौंच, दिगंबर परंपरेत चकवा. अनंतनाथ भगवंतांचे लांछन श्वेतांबर परंपरेत श्येन, म्हणजे शिकारी ससाणा. त्या प्रतिमेपुढे आपण अक्षता वाहतोच.

अन्न देता येत नसेल तेथे अभयदान देता येते, आणि पक्ष्याच्या बाबतीत अभय म्हणजे जागा. ज्याची शेती खाडीला लागून आहे त्याने बांधाच्या आतले उथळ पाणी हिवाळ्यापुरते न उपसता राहू द्यावे. ज्याचे मिठागर पडीक आहे त्याने भराव टाकण्याची घाई करू नये. ज्यांची गोदामे खाडीकाठी आहेत त्यांनी प्लास्टिकच्या गोणी आणि भंगार काठावर लोटू नये. टिलव्याच्या पायात सुतळी अडकलेली पाहणे हे फार क्लेशकारक असते. या गोष्टींना देणगीची पावती मिळत नाही, आणि चढाव्याची बोलीही लागत नाही.

वहीसाठी मात्र कोणाच्या परवानगीची गरज नाही. सुट्टीत मुले घरी असतात, एक दुर्बीण तीन कुटुंबांत पुरते, आणि आशियाई पाणपक्षी गणना दरवर्षी जानेवारीत होते. १९८७ पासून ती चालू आहे आणि तिला नव्या ठिकाणांच्या नोंदी हव्याच असतात. फेब्रुवारीत घराघरांतून होणारी चार दिवसांची पक्षिगणना आहे, तीत भाग घेण्यास पंधरा मिनिटे पुरतात. साधी लांब वही घ्यावी. रकाने सहा: ठिकाण, वेळ कोठून कोठपर्यंत, पक्षी, संख्या, काय करीत होते, आणि लिहिणाऱ्याची सही. निरीक्षणाची जागा बदलू नये. पुलावरून पाहावयाचे तर दर वेळी पुलावरूनच. घरट्याजवळ जाऊ नये आणि चांगले छायाचित्र मिळावे म्हणून थवा उठवू नये, कारण प्रत्येक उड्डाणाचा खर्च पक्ष्याच्या साठ्यातून होतो.

येत्या चौदसीला पाणी साडेदहा-अकराच्या सुमारास चढेल, नागोठण्याला त्याहून थोडे उशिरा. नऊ वाजता पुलावर असावे. पानाच्या माथ्यावर तारीख आणि तिथी दोन्ही लिहावीत. पुढे कधी कोणाला त्या दिवशीची भरती केव्हा होती हे पाहावयाचे झाल्यास ते तिथीवरून काढता येईल.